भंगारातल्या बसपासून घरातल्या शौचालयापर्यंत

जुनं साहित्य वापरलं की काम निकृष्टच होणार, हा समज पुण्यात खोटा ठरला. २०१६ साली उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी भंगारात निघालेल्या बसमधून महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी केली. सांगाडा आणि छप्पर आयतं मिळालं की पैसा पाणी, उजेड आणि निगेकडे वळवता येतो.

कुणी म्हणेल, ही सार्वजनिक सोय झाली. रात्री-अपरात्री बाईला शौचालय घरातच हवं. अगदी खरं. त्यासाठी वास्तुरचनाकार प्रतिमा जोशी यांच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेचा मार्ग पाहावा. गरीब वस्त्यांमध्ये ही संस्था बांधकामाचं साहित्य दारात पोचवते आणि कुटुंब स्वतःच्या खर्चाने बांधून घेतं. घरचा पैसा आणि कष्ट गुंतले की शौचालयाची अडगळीची खोली होत नाही. माझ्या मते आता याच कामाला पाडकामातल्या विटा, फरशा, दारं आणि पत्रे जोडायला हवेत. ‘गरिबांनाच जुनं का?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून शोषखड्डा, पाइप आणि भांडं यांत तडजोड नको, जुनं साहित्य भिंती-छपरापुरतंच. आणि जागा, दार, कडी ठरवण्याचा हक्क घरातल्या बाईचाच हवा, कारण गैरसोयीची सर्वांत मोठी किंमत तीच मोजते.

#स्वच्छतागृह #पुनर्वापर