लॉक लावलं की गाडीची ताकद वाढते?

गळीत हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठची काळी रानं अवजड गाड्यांनी गजबजतात. आलेगाव, पाटेठाणच्या कारखान्यांकडे निघणारा ऊस फडातच भरला जातो. शेजारच्या सरीला पाणी सुटलेलं, रानाला वापसा नाही, आणि भरलेली गाडी बांधाजवळ रुतते. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी ओरडतंच, "अरे, लॉक लाव की!" लॉकच्या त्या बटणावर लोकांचा भलताच भरवसा आहे.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा की डिफरन्शियल लॉकमुळे गाडीची ताकद वाढते. इंजिनची ताकद असते तेवढीच राहते. मागच्या हाउसिंगमधला डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, ओढ मात्र दोघांना सारखीच वाटतो. गोची इथेच आहे. समजा, डावं चाक चिखलात आहे आणि तिथे त्याला 100 किलोची पकड मिळते. उजवं कोरड्या बांधावर आहे, ते 1,000 किलो सहज ओढेल. तरी त्याच्या वाट्याला 100 च येतात, कारण डावं त्याहून जास्त घेतच नाही, नुसतं गरगरतं. एकूण ओढ 200. लॉक लावलं की दोन्ही बाजूंचे एक्सल एकत्र जखडले जातात, उजवं चाक आपल्या पकडीएवढं ओढू लागतं आणि बेरीज 1,100 वर जाते. ही ओढ लॉकने तयार केलेली नाही; ती त्या कोरड्या बांधात होतीच, वापरता येत नव्हती. म्हणूनच दोन्ही चाकं रुतलेली असतील तर लॉक लावूनही 100 अधिक 100 एवढंच उरतं. तिथे खोरं घ्यावं, चाकाखाली पाचट टाकावं आणि ट्रॅक्टरला टोचन लावावं.

"चाक फिरायला लागलं की लॉक दाबायचं" ही समजूत सर्वांत महागात पडते. ट्रकमध्ये लॉक म्हणजे बहुधा हवेच्या दाबाने सरकणारी दातेरी कॉलर. एका बाजूचं चाक थांबलेलं असेल तर दुसरं क्राउनच्या, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दुप्पट वेगाने फिरत असतं. मीटरवर 20 दिसतात तेव्हा चिखलातलं चाक 40 च्या वेगाने फिरतंय. अशा वेळी कॉलर सरकवली तर दातांवर दात आदळणार. तुटलेले तुकडे हाउसिंगच्या तेलातून क्राउन-पिनियनपर्यंत पोचले, तर एका खेपेचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

रीत साधी आहे. चाकं पूर्ण थांबू द्यावीत, स्टिअरिंग सरळ करावं, बटण दाबावं, मग खालच्या गिअरमध्ये गाडी हळूच हलवावी. दात समोरासमोर आले की लॉक बसतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. बटण दाबलं म्हणजे लॉक बसलंच असं नाही, खरं काय ते दिवा सांगतो. फडात मोळ्या चढेपर्यंत गाडी तासन् तास बंद असते, तेवढ्यात टाकीतली हवा उतरते. मग लॉक लागत नाही आणि दोष बटणाला दिला जातो! आधी इंजिन चालू करून हवा भरू द्या.

"रान संपून रस्ता लागला तरी राहू द्या लॉक, बिघडतंय कुठे?" बिघडतं. चौफुल्याला शिरूरकडून येऊन सोलापूर महामार्गावर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही बाजूंच्या चाकांत 1.8 मीटर अंतर धरलं तर हा फरक सुमारे 2.8 मीटर होतो. मातीत चाक घसरून तो भरून निघतो. कोरड्या डांबरावर सगळा पीळ एक्सलमध्ये बसतो, टायर घासतात, गाडी वळायला नको म्हणते. बटण बंद करूनही दिवा विझत नसेल तर हा पीळच दात सोडू देत नसतो. गाडी जराशी मागे घेतली की लॉक सुटतं.

कालव्याच्या कडेने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुठा उजव्या कालव्याचा असो की चासकमानचा, भरावावरची वाट एका बाजूला उतरती आणि ओली असेल तर लॉक सुरक्षित वाटतं. खरं तर उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत असताना दुसरं जमीन धरून राहतं आणि गाडीची मागची बाजू आडवी सरकू देत नाही. लॉक लावल्यावर दोन्ही चाकं एकदम फिरली तर तो आधार जातो आणि मागची बाजू उताराकडे, म्हणजे पाण्याकडे जाते.

दहा टायर म्हणजे दहाही ओढणारे, हेही खरं नाही. रस्त्यावरच्या अनेक दहाटायरींत मागच्या दोनपैकी एकच एक्सल ओढतो, दुसरा फक्त ओझं वाहतो. शिवाय लॉक प्रत्येक ट्रकला येतच नाही. दोन्ही एक्सल ओढणाऱ्या टिपरला बहुधा दोन लॉक असतात: एक दोन एक्सलमधलं, दुसरं डाव्या-उजव्या चाकांमधलं. आधी पहिलं लावावं, भागलं नाही तरच दुसरं. ट्रॅक्टरचं लॉक टाचेजवळच्या पेडलवर असतं, नियम तेच.

गाडी फडात घालण्याआधी रानात पायी एक फेरी मारा आणि वापसा पाहा. लॉक लावायचं तर चिखल लागण्याआधी लावा आणि डांबरावर चढण्याआधी काढा.