गाडीचं इंजिन ऑईल किती दिवसांनी बदलावं? 'जे आधी येईल ते' या चार शब्दांचा हिशोब



आता बऱ्याच शाळांच्या आवारात दुचाकींच्या शेजारी चारचाकीही उभ्या दिसतात. कुणी कर्ज काढून नवी घेतलेली असते, कुणी ओळखीतून जुनी. पण इंजिन ऑईल कधी बदलायचं, हा प्रश्न स्टाफरूममध्ये निघाला की चार जणांची चार उत्तरं येतात. एक म्हणतो पाच हजार किलोमीटरला. दुसरा म्हणतो दहा हजारला. तिसरा म्हणतो ऑईल काळं झालं की. आणि चौथा म्हणतो, "माझी गाडी फिरतेच किती? घर ते शाळा, शाळा ते घर. दोन वर्षं तरी बघायला नको."

यातलं चौथं उत्तर सगळ्यात महागात पडू शकतं. गाडी कमी फिरते म्हणून ऑईल ताजं राहतं, असं नसतं. ते का, हेच आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

१) ऑईल इंजिनात नेमकं काय करतं?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्यातला प्रत्येक पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर-खाली होतो. धातूवर धातू असा घासला तर काही मिनिटांत इंजिन जाम होईल. ऑईल या दोन भागांमध्ये पातळ थर धरून ठेवतं. सहावी-सातवीत आपण घर्षण शिकवतो, ते हेच.

पण ऑईलचं काम एवढंच नाही. ते आतल्या भागांची उष्णता वाहून नेतं, काजळी आणि बारीक कण स्वतःत धरून ठेवतं, पिस्टन आणि सिलेंडरमधली फट बंद ठेवायला मदत करतं आणि गंज लागू देत नाही. म्हणजे वंगण, थंडावा, सफाई, सील आणि गंजापासून रक्षण, अशी पाच कामं एकाच वेळी.

२) ऑईल खराब का होतं?

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते काळपट आणि दाट होतं. इंजिन ऑईलचंही तसंच होतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यामुळे ते हळूहळू बदलत जातं. सफाई करणारे, गंज थांबवणारे जे घटक कंपनीने त्यात मिसळलेले असतात, ते वापरून संपत येतात. वर काजळी, धूळ, धातूचे कण, पाणी आणि थोडं न जळलेलं इंधन त्यात येऊन मिळतं.

ऑईल दाटलं आणि त्याचा गाळ झाला की बारीक वाटा तुंबतात. वरच्या भागांपर्यंत ऑईल वेळेवर पोचत नाही. झीज सुरू होते, पण ती बाहेरून दिसत नाही. आवाज यायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

३) मग किती दिवसांनी बदलायचं?

पहिलं उत्तर तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. गाडीबरोबर मिळालेली मालक पुस्तिका काढा आणि देखभालीचा तक्ता बघा. आपल्याकडच्या आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी तिथे असं लिहिलेलं असतं: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी येईल ते. काही गाड्यांना, विशेषतः जुन्या मॉडेलना, आकडा कमी असतो. डिझेल आणि सीएनजीचा तक्ता वेगळा असू शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका.

आपण किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवतो आणि 'जे आधी येईल ते' हे चार शब्द विसरतो. खरा हिशोब तिथेच चुकतो.

४) दोन गुरुजींचं गणित

समजा, पहिल्या गुरुजींची शाळा घरापासून ७ किलोमीटरवर आहे. रोजचे १४ किलोमीटर. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस.

१४ × २२० = ३,०८० किलोमीटर.

या वेगाने १०,००० व्हायला सव्वातीन वर्षं लागतील. सुट्टीतल्या गावाच्या फेऱ्या धरल्या तरी एका वर्षात दहा हजार होणं कठीण. म्हणजे त्यांच्यासाठी आधी येतात ते १२ महिने.

दुसरे गुरुजी नोकरीला नाशिकला, घर पुण्यात. दर आठवड्याला जाऊन-येऊन साधारण ४२० किलोमीटर.

१०,००० ÷ ४२० = सुमारे २४ आठवडे.

यांचे किलोमीटर सहा महिन्यांच्या आतच संपतात. त्यांनी वर्षाची वाट बघायची नाही.

नियम एकच, पण एकाला कॅलेंडर बघायचंय आणि दुसऱ्याला मीटर.

५) कमी फिरणाऱ्या गाडीला जास्त त्रास का?

हा मुद्दा बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून थोडं विज्ञान बघू. पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते. पेट्रोलमधला ऑक्टेन घेतला तर ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळल्यावर १६२ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे ढोबळमानाने एक लीटर पेट्रोलमागे एक लीटर पाणी! यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलकडे उतरते. इंजिन गार असताना थोडं पेट्रोलही तसंच उतरतं.

गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली तर ऑईल चांगलं तापतं आणि हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण पाच-सात किलोमीटरवर गाडी बंद केली तर ऑईल तापण्याआधीच प्रवास संपतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला म्हणजे ऑईलही तापलं असं समजू नका. तो काटा इंजिनभोवतीच्या कूलंटचा असतो, ऑईल त्याच्यानंतर तापतं. असं रोज झालं की पाणी साठत जातं, आम्ल तयार होतं, गाळ धरतो.

म्हणूनच मालक पुस्तिकेत बहुधा 'खडतर वापर' असा वेगळा भाग असतो. नाव वाचून वाटतं की हे डोंगरात ट्रक चालवणाऱ्यांसाठी असेल. पण त्यात साधारण काय येतं ते बघा:

• रोजचे छोटे छोटे प्रवास
• धुळीचे, कच्चे रस्ते
• कडक उन्हाळा
• ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू ठेवून थांबणं
• भरलेली गाडी घेऊन सतत घाट चढणं

कच्च्या रस्त्याने वाडीवरच्या शाळेत जाणाऱ्या बाई, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात गाडी चालवणारे सर, मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मुलांना सोडणारे पालक, आपण सगळे यात बसतो. अशा वापरासाठी बऱ्याच पुस्तिकांमध्ये मुदत साधारण निम्मी, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने दिलेली असते. तुमच्या पुस्तिकेत असा भाग असेल तर तोच आकडा धरा.

ट्रॅफिकचंही एक गणित आहे. सरासरी ताशी ५० किलोमीटरने गेलो तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चालतं. शहरात सरासरी ताशी १५ वर आली तर तेवढ्याच अंतराला सुमारे ६६७ तास. मीटर दोघांचा सारखा, पण ऑईलने काम केलं तिपटीहून जास्त.

आणखी एक सवय: मे महिन्याच्या सुट्टीत गाडी उभी असते, म्हणून घरचे लोक दर दोन-चार दिवसांनी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. त्यापेक्षा आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून वीस-तीस मिनिटं सलग चालवणं ऑईलसाठी चांगलं.

६) रंग बघून ठरवू नका

काळं झालेलं ऑईल म्हणजे खराब ऑईल, हा समज पूर्ण खरा नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचंच काम आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं दिसतं. उलट बाजूने, सोनेरी दिसणारं ऑईल चांगलंच असेल असंही नाही.

रंगापेक्षा पातळी बघा. महिन्यातून एकदा हे करा:

• गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा.
• डिपस्टिक बाहेर काढा, कापडाने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून बघा.
• ऑईलची रेघ खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी.

पातळी खाली गेली असेल तर योग्य ऑईल थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जास्त झालेलं ऑईल आत घुसळून फेस होतो. ऑईल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय असं समजा आणि मेकॅनिकला दाखवा. डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी खूश होऊ नका. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर स्वतःची सफाई करत असताना छोट्या प्रवासामुळे ती अर्धवट राहिली, की डिझेल ऑईलमध्ये उतरू शकतं.

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखं लाल चिन्ह चालत्या गाडीत लागलं तर ते 'ऑईल बदला' असं सांगत नसतं. ऑईलचा दाब पडला आहे, असा त्याचा अर्थ. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. "घरापर्यंत नेऊ" म्हणत पुढे गेलं तर इंजिन जाम होऊ शकतं.

७) कोणतं ऑईल घ्यायचं?

डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत खोबरेल तेल कसं गोठतं, ते आठवा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती वाहतं रहातं ते सांगतो, जितका लहान तितकं गार इंजिनात लवकर पोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनात त्याचा दाटपणा, म्हणजे पुस्तकातली श्यानता किती राहते ते सांगतो.

"दाट ऑईल म्हणजे दणकट" असं म्हणून भलताच ग्रेड टाकू नका. आजच्या इंजिनांच्या फटी ठरावीक पातळ ऑईल धरूनच केलेल्या असतात. पुस्तिकेतला ग्रेड आणि दर्जाची खूण दोन्ही जुळवून घ्या. सिंथेटिक ऑईल जास्त टिकतं हे खरं, पण म्हणून पुस्तिकेतली मुदत स्वतःच्या मनाने वाढवायची नाही.

८) गॅरेजमध्ये एवढं बघा

• ऑईलबरोबर ऑईल फिल्टरही बदलून घ्या. जुन्या फिल्टरमध्ये घाण ऑईल शिल्लक असतं.
• डबा तुमच्यासमोर सीलबंद उघडायला सांगा.
• किती लीटर लागतं ते पुस्तिकेत बघून जा. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण तीन ते चार लीटर लागतं.
• बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. वॉरंटीसाठी ते लागतं, आणि उद्या गाडी विकायची झाली तर तोच पुरावा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर आधी ही बिलंच मागावीत. मीटर कमी दिसतोय म्हणून खूश होण्यापेक्षा गेल्या तीन वर्षांत ऑईल किती वेळा बदललं, हे विचारा. बिलं नसतील तर गाडी घेतल्यावर पहिल्यांदा ऑईल आणि फिल्टर बदलून घ्या आणि तिथून नवी नोंद सुरू करा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अमेरिकेत वर्षानुवर्षं ३,००० मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला, ऑईल बदलायची पद्धत होती. ती जुन्या इंजिनांची आणि जुन्या ऑईलची. आज हायवेवर नियमित चालणाऱ्या गाडीचं ऑईल दर तीन हजाराला बदलणं म्हणजे पैसे आणि चांगलं ऑईल दोन्ही वाया घालवणं. वेळेवर केलेल्या ऑईल बदलाचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिन उघडायची वेळ आली तर तोच आकडा कितीतरी पट होतो, आणि गाडीचा हप्ता तर चालूच असतो.

९) काढलेल्या ऑईलचं काय?

वापरलेलं ऑईल आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात, ओढ्यात किंवा परसात ओतू नये. गॅरेजमध्ये ते साठवून पुनर्वापरासाठी अधिकृत ठिकाणी देतात का, हे विचारायला लाजू नका. गावाकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काळं ऑईल फासतात. पण त्यात धातूचे कण आणि अपायकारक द्रव्यं असतात, निदान मुलांच्या हाती तरी ते काम देऊ नका.

वर्गासाठी छोटा उपक्रम

• मुलांना घरच्या गाडीचा महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा मीटर लिहून आणायला सांगा. दुचाकी असली तरी चालेल. वर्षाचे किलोमीटर काढा आणि 'जे आधी येईल ते' यात काय आधी येतं ते ठरवा.
• तीन सारख्या चमच्यांत पाणी, गोडेतेल आणि मध घ्या आणि तिरक्या ताटलीवर सोडा. कोण आधी खाली पोचतं? मग कोमट मध घेऊन पुन्हा बघा. श्यानता आणि तापमानाचा संबंध व्याख्या पाठ न करता कळतो.

थोडक्यात: पुस्तिकेतला आकडा बघा, आपला वापर खडतर आहे का ते प्रामाणिकपणे ठरवा आणि किलोमीटर व महिने यातलं जे आधी येईल ते पाळा. पुढची तारीख आणि पुढचे किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. माहिती उपयोगी वाटली तर स्टाफरूममधल्या त्या चौथ्या सरांना नक्की पाठवा.