लेणी बघायची, पण धावत नाही!

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोडोलीत काय आणि कोल्हापुरात काय, घरोघरी एकच विषय निघतो. कुठं जायचं? गणपतीपुळे झालं, गोवा झालं, पन्हाळा तर आपल्या उशाशीच. मग कुणीतरी म्हणतं, "या वेळी अजिंठा-वेरूळ करू." की लगेच बाबांचा हिशेब सुरू होतो. रात्री निघायचं, सकाळी वेरूळ, दुपारी अजिंठा, येताना शिर्डी, आणि तिसऱ्या दिवशी घरी! परत आल्यावर शेजारच्या काकू विचारतात, "काय काय बघितलंस रे?" आणि तुम्ही म्हणता, "लेणी. सगळी सारखीच होती."

ती सारखी नव्हती हो. तुमचे पाय दुखत होते, पोटात कावळे ओरडत होते आणि बाबा पुढून हाका मारत होते, एवढंच. कोडोलीपासून इतक्या लांब घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं, खर्च करायचा, आजीलाही न्यायचं. ही सहल काही दर वर्षी होत नाही. म्हणून तिचा बेत या वेळी तुम्ही करायचा. एक वही घ्या आणि बसा.

बेताचं पहिलं पान मात्र अजिंठ्याचं नाही, पोहाळ्याचं. जोतिबाच्या डोंगराच्या कुशीत पोहाळे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? चैत्री यात्रेला गुलालात न्हाऊन येणारे कितीतरी जण त्या बाजूला फिरकतही नाहीत. एखाद्या रविवारी डबा घेऊन तिथं जा. विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा. पावसाळ्यात चिखलवाटांनी फिरता येत नसे, तेव्हा ते एका ठिकाणी मुक्काम करीत. मधे मोकळी जागा आणि कडेनं लहान लहान खोल्या. चैत्य म्हणजे प्रार्थनेची जागा, तिथं स्तूप असतो. हे दोन शब्द पोहाळ्यात पक्के झाले की अजिंठ्यात तुम्हीच आईबाबांना सांगाल, "हा विहार, तो चैत्य."

त्या दगडाला हात लावून बघा. पन्हाळ्याच्या माथ्यावर तांबडा जांभा दिसतो, पण त्याच्या खाली आहे तो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. अजिंठा आणि वेरूळ कोरलं आहे ते याच जातीच्या दगडात. म्हणजे आपण पाहुण्यांच्या घरी निघालो असलो तरी दगड आपल्या ओळखीचाच!

पोहाळ्यात आणखी एक गोष्ट कळेल. धाकटी बहीण किती वेळानं कंटाळते, आजी किती पायऱ्या चढते, बाटलीतलं पाणी कधी संपतं. सगळं वहीत लिहा. अजिंठ्याचा बेत याच आकड्यांवर करायचा आहे.

आता कॅलेंडर काढा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी कुटुंबं बंद दरवाजासमोर फोटो काढून परत येतात. म्हणून मंगळवारी निघायचं. कोल्हापूरच्या स्टेशनवरून दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेस निघते. ती पुणे, मनमाड करत दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला पोहोचते. (वेळ आधी वेळापत्रकात बघून घ्या आणि आरक्षण लवकर करा. दिवाळीत गाडीत पाय ठेवायला जागा नसते.) जळगावपासून अजिंठा लेणी साधारण ६० किलोमीटर. स्वतःच्या गाडीनं वाठारवरून पुण्याकडे आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाता येतं. पण ते अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं. माझं मत विचाराल तर लहान मुलं असतील तेव्हा रेल्वेच बरी. उठता येतं, फिरता येतं आणि रात्र झोपेत जाते.

बुधवारी लेणी बघायची नाहीत! बाबा म्हणतील, "दिवस फुकट घालवायचा?" त्यांना वहीतला पोहाळ्याचा हिशेब दाखवा. जळगावहून एस.टी.नं फर्दापूरला जायचं. लेण्यांच्या अगदी जवळचं हे गाव. तिथं पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, त्याचंही आरक्षण आधीच करायचं. आंघोळ, जेवण, झोप, आणि संध्याकाळी एक गोष्ट.

ती गोष्ट अशी. गंगेच्या काठी आंब्याचं एक मोठं झाड होतं आणि त्यावर वानरांचा कळप राहत होता. एक पिकलेला आंबा नदीतून वाहत काशीच्या राजाला मिळाला. राजाला तो इतका आवडला की झाड शोधत तो सैन्य घेऊन आला, आणि रात्री धनुर्धारींनी झाडाला वेढा घातला. वानरांच्या राजानं पलीकडच्या काठावर उडी घेतली, एक लांब वेल कमरेला बांधली आणि परत झेप टाकली. वेल थोडी अपुरी पडली. मग त्यानं हातांनी झाडाची फांदी घट्ट धरली आणि स्वतःच्या अंगाचा पूल केला. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार झाला, पण त्याची पाठ मोडली. काशीच्या राजानं त्याला हळूच खाली उतरवून घेतलं. ही महाकपी जातकाची कथा. उद्या अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ती भिंतीवर रंगवलेली शोधायची आहे. गोष्ट माहीत असली की भिंत बोलायला लागते, नाहीतर नुसते पुसट रंग दिसतात.

गुरुवारी सकाळी नऊला लेणी उघडतात, तेव्हा आपण दारात असायचं. खासगी गाड्या साधारण चार किलोमीटर अलीकडे थांबवतात आणि पुढे वेगळ्या बसनं जावं लागतं. मग पायऱ्या. आजीसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ असू द्या.

वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या कड्यात इथं तीसएक लेणी आहेत. सगळी बघायची नाहीत. १, २, १०, १७, १९ आणि २६ एवढी बघा, आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधा. पहिल्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी. सव्विसाव्यात आडवे झालेले, महापरिनिर्वाणातले बुद्ध. मूर्तीची लांबी ७ मीटरच्या घरात आहे. तुमच्यासारखी किती मुलं एकापुढे एक झोपली तर तेवढी लांबी होईल? (हिशेब वहीत करायचा, खरंच झोपायचं नाही.)

दहाव्या लेण्यात जरा जास्त थांबा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली, आणि त्यानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर, तिथल्या जुन्या चित्रावरच, आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा आत दगडमातीचा ढीग साचला होता. त्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्यापेक्षा वर आहे. दोनशे वर्षं झाली, तरी तो ओरखडा काही बुजला नाही.

ही चित्रं काढली कशी? दगडावर मातीचा लेप, त्यात भुसा आणि तंतू, वर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर खनिजांचे रंग. गेरू तर आपल्या ओळखीचाच. काही चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकातली. मातीचाच लेप तो, हात लागला, ओल आली, की पापुद्रा सुटतो. आपल्या श्वासातल्या दमटपणानंही त्रास होतो, म्हणून गर्दीच्या दिवशी थोड्या थोड्या लोकांनाच आत सोडतात. फ्लॅश मारायला बंदी आहे. रॉबर्ट गिल नावाच्या चित्रकारानं १८४४ पासून वर्षानुवर्षं इथं राहून या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. म्हणजे काही चित्रं भिंतीवरूनही गेली आणि नकलेतूनही गेली. पालकहो, मुलं भिंतीला टेकतात तेव्हा ओरडण्यापेक्षा ही हकीकत आदल्या रात्री सांगितलेली जास्त उपयोगी पडते.

बाहेर वानरं आहेत. कालच्या गोष्टीतली नव्हेत! भडंगाची पिशवी दिसली तर ती सोडणार नाहीत. कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली दिसली तर आरडाओरड नको, दगड मारणं तर मुळीच नको.

दुपारी निघून संभाजीनगर, साधारण १०० किलोमीटर. शुक्रवार दौलताबादला द्या. यादवांची देवगिरी ती हीच. खंदक, मेंढा तोफ आणि बॅटरीशिवाय पाऊल टाकता येणार नाही असा 'अंधारी'चा भुयारी मार्ग. दोन दिवस लेण्यांच्या मधे असा धावायचा, घाम गाळायचा दिवस हवाच. आजीनं खालीच सावलीत बसावं.

शनिवारी वेरूळ. इथं ३४ लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन, तिन्ही एकाच डोंगरात शेजारी शेजारी. सुरुवात १६ क्रमांकाच्या कैलासापासून करा, पण आधी आत जाऊ नका. बाजूच्या वाटेनं मोठ्यांचा हात धरून वर चढा आणि वरून खाली बघा. घर बांधताना आपण पायापासून सुरुवात करतो. इथं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागीर डोंगराच्या माथ्यावर उभे राहिले आणि कळसापासून खाली कोरत आले. नको तो दगड काढून टाकला, उरलं ते मंदिर. एखाद्या हत्तीची सोंड चुकून तुटली असती तर नवी कुठून आणणार? मग खाली उतरा आणि मंदिर पाठीवर घेतल्यासारखे दिसणारे हत्ती मोजा. रावण कैलास हलवतो आहे ते शिल्पही शोधा.

त्यानंतर १० क्रमांकाचं 'सुतार झोपडी' बघा. दगडात लाकडी वाशांसारखं छत कोरलं आहे! मग ३२ क्रमांकाची जैन इंद्रसभा, आणि पुरे. ताकद उरली तर गावात घृष्णेश्वर आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे याच वेरूळचे, तेव्हा कोल्हापूरकरांनी गावात डोकावल्याशिवाय निघू नये.

बरोबर काय न्यायचं? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाणी, टोपी, आणि काढायला-घालायला सोप्या चपला, कारण काही लेण्यांत त्या बाहेर ठेवाव्या लागतात. वारणेचं श्रीखंड घरीच राहू द्या, जळगावपर्यंत त्याचं ताक होईल. शनिवारी रात्रीच्या बसनं निघालं की रविवारी कोल्हापूर, आणि तिथून कोडोलीची एस.टी. बाबांना हा बेत लांबलचक वाटलाच, तर दौलताबाद गाळा, बुधवारची झोप गाळू नका.