रकाना कोणी आखला? मणिबेली आणि आपला अभ्यासक्रम

मागच्या वेळी आपण आदिवासी ज्ञानाबद्दल ढोबळ बोललो. आज ते कॉलेजच्या वर्गात आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते पाहू. उदाहरण मणिबेलीचं घेऊ. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं हे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातून सर्वांत आधी बुडालं.

अर्थशास्त्राच्या तासाला धरण आलं की आपण लाभ-खर्चाचं कोष्टक मांडतो. एका बाजूला सिंचन आणि वीज, दुसऱ्या बाजूला बुडीत जमीन. आता ही जमीन मोजली कशावरून? सातबाऱ्यावरून. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 मध्ये ठरवलं, की 25 टक्क्यांहून जास्त जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन द्यावी. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन कागदावर 'अतिक्रमण' होती. नदीतले मासे, मोहफुलं, डिंक, चारा यांना तर रकानाच नव्हता. बेरीज बरोबर येते हो, पण रकाने कोणी आखले, हे आपण विचारत नाही.

कायद्याने हे थोडंफार ओळखलं. 2006 च्या वन हक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन चालतं. विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा यांच्या खुणाही चालतात. जे ग्रामसभेत पुरावा ठरतं, ते आपल्या वर्गात मात्र 'लोककथा' ठरतं!

शाळेच्या पातळीवर वाट आहे. नर्मदा खोऱ्यातल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली. कॉलेजात मात्र त्याच गावांतली मुलं पुस्तकात स्वतःला 'प्रकल्पग्रस्त' एवढ्याच नावाने भेटतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आदिवासी ज्ञानाचा उल्लेख आहे. पण एक जादा प्रकरण आणि पाच गुणांचा प्रश्न, एवढ्यावर भागवलं तर काही बदलणार नाही.

मग करायचं काय? तेच कोष्टक विद्यार्थ्यांना दोनदा मांडायला सांगू. एकदा दप्तरावरून, एकदा गावातल्या जाणत्यांना विचारून. ग्रामसभेची परवानगी घेऊन, कथन त्यांच्या बोलीत नोंदवून आणि सांगणाऱ्याला श्रेय देऊन. वर्गातल्या आदिवासी विद्यार्थ्याला मात्र 'तू सांग तुमच्याकडचं' म्हणून उभं करायचं नाही. नमुना म्हणून त्याला बसवलेलं नाही.

दोन कोष्टकांत जो फरक पडेल, तोच आपला धडा. तो परीक्षेत कसा तपासायचा, हे पुढच्या व्याख्यानात.