पहाटेचं पाणी आणि आजींची भोवळ

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये पहाटे नळाला पाणी येतं. परवा शेजारच्या आजी, वय ७२, पिंप भरायचं राहील म्हणून अंथरुणातून ताडकन उठल्या आणि मोरीच्या दारातच कोसळल्या. "अशक्तपणा आलाय," म्हणून सुनेनं दूध-तूप वाढवलं. तुम्हीही तेच केलं असतं, नाही का? पण कारण वेगळंच होतं.

हृदय स्वतःच्या लयीत चालतं, तरी मज्जासंस्थेचा त्याच्यावर ताबा असतो. व्हेगस ही नस लगाम खेचते; सिम्पथेटिक नसा टाच मारतात. दोघींना बाजूला ठेवलं, तर तरुण हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. निवांत बसल्यावर ते सत्तरीला उतरतात, ही व्हेगसची करामत. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं, की ही नस एक रसायन सोडून हृदयाला आवरते.

आपण उभ्या राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय-पोटाकडे उतरतं. मानेतल्या नि छातीतल्या रोहिण्यांतले पहारेकरी लगेच मेंदूला वर्दी देतात; लगाम सुटतो, टाच बसते, रक्तदाब सावरतो. आपल्याला पत्ताही लागत नाही!

वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात, पहारेकरी सुस्तावतात. व्हेगसची पकड ढिली होते, आणि टाच मारली तरी हृदय पूर्वीसारखं उसळत नाही. २२० मधून वय वजा करा, हा ढोबळ हिशेब: तिशीत धावताना ठोके १९० पर्यंत जातील, सत्तरीत १५० पर्यंतच. म्हणून अंधेरीचा पूल चढताना सासूबाई मध्येच थांबल्या, तर "चला ना लवकर" म्हणू नका.

मग करायचं काय? जाग आल्यावर आधी कुशीवर वळावं, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावं, घोटे हलवावेत, मगच आधार धरून उठावं. दिवसभर पाणी पुरेसं प्यावं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र तेवढंच. रोज फेरी मारावी. सावकाश श्वसनानंही व्हेगसला बळ मिळतं. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेला, तो उगाच नव्हे.

भोवळ वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना झोपून आणि उभं करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर उपाय हवा. रक्तदाबाच्या, लघवीच्या गोळ्या आणि मधुमेहही कारण असू शकतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आणखी एक ध्यानात ठेवा. म्हातारपणी, विशेषतः मधुमेहात, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. अचानक धाप, दरदरून घाम किंवा गळून जाणं दिसलं, तर लिंबू-सरबतात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आमच्या आजी आता पलंगावर मिनिटभर बसूनच उठतात. पिंप सून भरते. एखादा दिवस ते अर्धं राहिलं, तर राहू दे की!