टेस्ट रिपोर्टवरची सही

गडमुडशिंगीत हल्ली बांधकाम थांबत नाही. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, थोडं पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी. कोल्हापुरात जागा परवडेना म्हणून इकडं प्लॉट घेणारे नोकरदार आहेत आणि जुन्या घरावर मजला चढवणारे गावकरीही. घर बांधताना गवंड्याची चौकशी चार ठिकाणी होते, फरशी बघायला अख्खं घर जातं. वायरमन मात्र गवंडीच घेऊन येतो. ‘आपला पोरगा हाय, काम चोख करतो,’ एवढ्या शिफारशीवर घराच्या भिंती फोडायला सुरुवात होते. पोराकडं परवाना आहे का, हा प्रश्न कुणाला सुचत नाही, आणि सुचला तरी परवाना म्हणजे नेमका कुठला कागद, हे ठाऊक नसतं.

गोंधळ समजण्यासारखा आहे. कुणाला वाटतं, नोंदणी ग्रामपंचायतीत होत असेल. कुणी दुकानाचा गुमास्ता परवाना दाखवतो, कुणी जीएसटीचा नंबर, कुणी कळंबा रोडच्या आयटीआयचं प्रमाणपत्र. यातला एकही कागद वायरिंग करण्याचा परवाना नाही. गुमास्ता म्हणजे दुकान आहे एवढंच. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झालं, आणि त्याच्या जोरावर परवाना मागता येतो. पण मागावा लागतो. ग्रामपंचायतीचा तर यात काही संबंधच नाही. वायरिंगचा परवाना राज्य शासनाचा असतो आणि मुख्य विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेतलं अनुज्ञापक मंडळ तो देतं. गडमुडशिंगीला जो नियम, तोच गडचिरोलीला.

नियम तसा जुना आहे. १९१० च्या भारतीय वीज कायद्याखाली १९५६ साली नियमावली झाली, तिच्यातला ४५ क्रमांकाचा नियम हाच. पुढं २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१० साली सुरक्षिततेचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये ते नव्यानं लिहिले. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, तिघांच्या साखळीतूनच व्हायला हवं. काम घेणारा परवानाधारक विद्युत ठेकेदार. त्यावर प्रत्यक्ष देखरेख करणारा, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक. आणि हातात पक्कड धरणारा, परवाना असलेला तारतंत्री. यातून सूट आहे ती किरकोळ कामाला: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं. म्हणजे ट्यूब बदलायला ठेकेदार बोलवा असं कायदा म्हणत नाही. पण गिझरसाठी नवी लाईन ओढली, की सूट संपली.

आपल्याला भेटतो तो तिघांपैकी एकच, आणि बहुतेकदा त्याच्याकडं तिन्हीतलं काहीच नसतं.

मग घराला मीटर मिळतं कसं? महावितरणकडं नव्या कनेक्शनचा अर्ज करताना सोबत टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही-शिक्का लागतो. इथं गावोगावची युक्ती सुरू होते. काम एकानं केलेलं असतं, सही दुसऱ्याची येते. सही करणाऱ्यानं घर पाहिलेलं नसतं. फॉर्मवर किती दिवे, किती प्लग, किती लोड, याचे रकाने असतात. ते अंदाजानं भरले जातात. इन्शुलेशनचा आणि अर्थिंगचा आकडाही असाच कुठून तरी येतो. घरमालक चार पैसे मोजतो आणि मीटर लागलं की कागद विसरतो. सगळे याला औपचारिकता म्हणतात. माझ्या मते अख्ख्या व्यवहारात खरं मोल त्याच औपचारिकतेला आहे. वायर भिंतीत गेल्यावर आत काय केलंय ते डोळ्यांना कधीच दिसणार नाही. ते फक्त मोजून कळतं, आणि मोजायची वेळ तीच.

मोजायचं म्हणजे काय, ते एकदा बघण्यासारखं आहे. मीटर लागण्यापूर्वी मेन बंद, दिवे काढलेले, स्विच चालू. मेगर नावाचं यंत्र एका बाजूनं वायरला, दुसऱ्या बाजूनं अर्थिंगला लावायचं. त्यातून ५०० व्होल्टचा डीसी दाब एक मिनिट द्यायचा. वायरचं आवरण धड असेल तर वीज बाहेर झिरपत नाही आणि काटा वर चढतो. जुन्या नियमांपासून चालत आलेला किमान आकडा एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम. नव्या वायरिंगला तो कितीतरी जास्त यायला हवा. पाइपातून वायर ओढताना कुठं सोलली असेल, बोर्डात खिळा घुसला असेल, ओल्या प्लास्टरचं पाणी जोडात गेलं असेल, तर काटा खाली बसतो. काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण गावात घर बांधलेल्या दहाजणांना विचारा, मेगर पाहिलेला एखादाच निघेल.

दुसरी मोजणी अर्थिंगची, अर्थ टेस्टर नावाच्या यंत्रानं. घराच्या कोपऱ्यात खड्डा, त्यात जीआय पाइप किंवा तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी ओतायला फनेल. हे सगळं कशासाठी, तर यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर तिला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी म्हणून. खड्ड्याच्या बाबतीत कुचराई का होते याचं कारण वायरमनच्या लबाडीत कमी आणि हिशोबाच्या पद्धतीत जास्त आहे. वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते. दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, प्लग एक पॉइंट. मालक घासाघीस करतो तीही पॉइंटच्या दरावर. अर्थिंगचा खड्डा कुणाच्या पॉइंटमध्ये बसत नाही. त्याला खोदाई लागते, सामान लागतं आणि झाल्यावर घरात काही पेटत नाही, फिरत नाही. मग हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथंच गुंडाळून ठेवली जाते, किंवा नळाच्या पाइपाला बांधली जाते. हल्ली नळाचे पाइप प्लास्टिकचे असतात, हे बांधणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

‘दादा, हिरवी वायर कुठं सोडलीय?’ एवढा एक प्रश्न बाईनं स्वयंपाकघरातून विचारला तरी काम सुधारतं, असं या धंद्यातले जुने लोक सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे.

आता एमसीबीबद्दलचा गैरसमज. जास्त लोड आला की पडणारी एमसीबी बसवली म्हणजे शॉक लागत नाही, असं सुशिक्षित घरांतही मानलं जातं. हिशोब करून बघा. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध ढोबळमानानं हजार ओहम धरला, तर त्याच्या अंगातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्मासुद्धा पुरतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला हा पाव अँपिअर म्हणजे एखाद्या छोट्या बल्बचा लोड. ती जागची हलणार नाही. तिचं काम वायर वाचवणं आहे. माणूस वाचवणारी वस्तू वेगळी, तिला आरसीसीबी म्हणतात. दुकानात अजून ईएलसीबी म्हणून मागितली तरी तीच काढून देतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की क्षणात लाईन तोडते. तिच्यावर एक छोटं टेस्ट बटण असतं; ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं.

आणि आरसीसीबी सारखी पडायला लागली की काय होतं? वायरमन तिला बगल देऊन थेट जोडणी करून जातो आणि घरचे खूश होतात. एमसीबी पडते म्हणून सोळाच्या जागी बत्तीसची बसवणं हा त्याचाच भाऊ. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर गिझर चालतो, वायर तापते, आवरण कडक होतं, आणि कधीतरी पेपरात ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ अशी चार ओळींची बातमी येते. जणू शॉर्टसर्किट हा विजेसारखाच आकाशातून पडतो.

गडमुडशिंगीच्या करवीर तालुक्यात घराइतकाच धोका गोठ्यात आहे, किंबहुना जास्त. दूध संघाच्या या मुलखात दारात दोन म्हशी आणि कडबाकुट्टी ही सर्रास दिसणारी गोष्ट. कडबाकुट्टीची मोटर बहुधा घरातल्या प्लगवरून चालते. वायर खिडकीतून काढलेली, पत्र्याच्या कडेवरून नेलेली, मध्ये चिकटपट्टीचा जोड. खाली शेणमुताची ओल. पत्र्याची कड वायरचं आवरण हळूहळू कापत जाते आणि एखाद्या पावसाळी सकाळी अख्खा पत्रा, त्याला टेकलेला खांब आणि खांबाला बांधलेली कपड्यांची तार जिवंत होते. जनावराला माणसापेक्षा कमी दाबाचा झटका घातक ठरतो, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि ओल्या जमिनीत पसरलेली वीज एका पायातून शिरून छातीतून जाऊन दुसऱ्या पायातून निघते. म्हैस तडफडताना बघून माणूस धावतो आणि तोही चिकटतो. एकाच घरातल्या दोघा-तिघांच्या बातम्या येतात त्या अशा. गोठ्याला वेगळी लाईन, वेगळी आरसीसीबी आणि मोटरच्या बॉडीला पक्कं अर्थिंग, याचा खर्च दुभत्या म्हशीच्या किमतीपुढं काहीच नाही.

अपघात झाल्यावर गावाचा पहिला राग लाईनमनवर निघतो. गावात त्यालाही वायरमनच म्हणतात, त्यामुळं घरातलं काम करणारा आणि खांबावर चढणारा, या दोघांची जबाबदारी लोकांच्या डोक्यात एक होऊन जाते. कायद्यानं दोघांच्या मध्ये मीटर आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरनंतरची घरमालकाची. विजेनं जीव गेला, माणसाचा किंवा जनावराचा, तर विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली ते कळवणं बंधनकारक आहे आणि विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतात. हा निरीक्षक महावितरणचा माणूस नव्हे. त्याची नेमणूक शासन करतं. चूक मीटरच्या कुठल्या बाजूची, हे त्याच्या अहवालात येतं आणि नुकसानभरपाईचा पुढचा सगळा मार्ग त्या अहवालावरून जातो. तार तुटून पडली असेल तर गोष्ट निराळी. पण दोष घरातल्या वायरिंगचा निघाला, तर पहिला कागद मागितला जाईल तो टेस्ट रिपोर्ट. त्यावर घर न पाहिलेल्या माणसाची सही असेल तर त्या सहीचा घरमालकाला तेव्हा काही उपयोग होत नाही, आणि सही करणाऱ्याचा परवाना अडचणीत येतो ते वेगळं.

परवाना नसलेला प्रत्येक वायरमन कामात कच्चा असतो असं मुळीच नाही. वीस वर्षं भिंती फोडलेल्या माणसाला जोड कसा मारायचा हे नव्या परवानाधारकापेक्षा जास्त कळतं. अशा माणसांना परीक्षा देऊन परवाना घेण्याचा रस्ता आहे. मंडळाची तारतंत्री परीक्षा त्यासाठीच असते. पण परवाना काढला म्हणून पॉइंटचा दर वाढत नाही, तर तो कशाला काढेल? गिऱ्हाईकानं मागितल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. मागायचंही फार नाही. ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत बघायची. जो सही करणार त्यानं एकदा घरी यावं, मेगर आणि अर्थ टेस्टर सोबत आणावेत, असं काम देतानाच ठरवायचं. आकडे आपल्यासमोर लिहून घ्यायचे आणि रिपोर्टची एक प्रत घरच्या कागदांत ठेवायची. मजुरी ठरवताना अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी वेगळ्या ओळीत लिहायची, म्हणजे त्यांचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हा वाद उरत नाही.

सोलर आल्यापासून घरातल्या वायरिंगमध्ये एक नवी गोष्ट शिरली आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छपरावर पॅनेल दिसायला लागले, आणि इन्व्हर्टर तर आधीपासून घरोघर आहे. मेन बंद केला की घरातली वीज गेली, हा आपला जुना हिशोब आता चालत नाही. ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये डीसी दाब असतोच, मेन बंद असो की चालू. बॅटरीचा इन्व्हर्टर लाईट जाताच आपोआप सुरू होतो आणि बोर्ड उघडून बसलेल्या माणसाच्या हातात वीज येते. म्हणून सोलर किंवा इन्व्हर्टर बसलेल्या घरात दुरुस्तीला कुणी आला, तर बोर्डाला हात लावण्याआधी तीन ठिकाणं बंद करून घ्यायची: मेन, इन्व्हर्टरचा आउटपुट आणि छपराकडून येणारा डीसी स्विच. हा डीसी स्विच कुठं बसवलाय हे बसवणाऱ्यानं घरातल्या माणसांना दाखवलेलं नसेल, तर बिल चुकतं करण्यापूर्वी ते दाखवून घ्यावं.