गोठवलेलं मटण शिळं नसतं

‘गोठवलेलं मटण म्हणजे शिळं मटण’ हे वाक्य मराठवाड्यात इतक्या ठामपणे बोललं जातं की त्यावर कुणी प्रश्नसुद्धा विचारत नाही. पालम, गंगाखेड, लोहा या पट्ट्यातून पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांना गावाकडच्या उस्मानाबादी बोकडाचं मटण हवं असतं. इकडे पालमच्या शेळीपालकाला, बोकडाकडे नुसतं बघून भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा किलोवर पैसे देणारं गिऱ्हाईक हवं असतं. पंचवीस किलोच्या बोकडाचं साधारण अकरा-बारा किलो मटण पडतं. ते नीट गोठवून दूर पाठवता आलं तर दोन्हीकडच्या माणसांचं भलं आहे. पण बोलणं इथवर आलं की हे वाक्य आडवं येतं: मटण समोर कापलेलंच पाहिजे, बर्फातलं कोण खाणार? हा समज चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे समजून न घेता जे उत्साहाने डबे भरून पाठवायला निघतात, ते त्याच समजाला नवे पुरावे मिळवून देतात. त्यामुळे खाणाऱ्याशी आणि पाठवणाऱ्याशी, दोघांशीही बोलावं लागेल.

मटण खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं, इथून सुरुवात करू. निरोगी बोकडाच्या मांसाच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते येतात कापताना आणि कापल्यानंतर: कातडीवरच्या केसांतून, फुटलेल्या आतड्यातून, सुरीवरून, हातावरून, धुवायच्या पाण्यातून. सुरुवातीला ते फक्त वरच्या थरावर असतात, आणि पुढे त्यांचं काय होणार हे मुख्यतः तापमान ठरवतं. ई. कोलायसारखा जंतू ३७ अंशांच्या आसपास, सगळं अनुकूल असेल तर, वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ५१२. चार अंशांवर त्याची वाढ थांबते. थंडीत तग धरणारे दुसरे जंतू वाढतात, पण दिवसांच्या हिशेबाने. उणे दहा-बारा अंशांच्या खाली जंतूंची वाढच होत नाही, कारण त्यांना लागणारं पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं. आता परभणी जिल्ह्यातली मे महिन्यातली रविवारची सकाळ घ्या. पहाटे कापलेला बोकड दुकानात टांगलेला आहे, पारा चाळिशीकडे चालला आहे, माश्या घोंगावत आहेत, आणि दुपारी बाराला आलेलं गिऱ्हाईक ते मटण ताजं समजून नेतं, कारण ते आजचं आहे. जंतूंच्या हिशेबाने त्या सहा-सात तासांत मटणाचं जेवढं वय झालं, तेवढं उणे १८ अंशांवर अखंड ठेवलेल्या मटणाचं सहा महिन्यांतही होत नाही. तारीख बघून मटणाचं वय काढण्यातच चूक आहे. किती तास आणि किती अंशांवर, हे दोन्ही मिळून ते मोजायला हवं.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांच्यासाठी जुना, नोंदलेला दाखला आहे. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून सुमारे पाच हजार गोठवलेली धडं घेऊन निघालं, त्यांतली बहुतेक मेंढ्यांची. वाफेच्या बळावर चालणारं शीतयंत्र जहाजावरच होतं. विषुववृत्ताचा उकाडा ओलांडून ते २४ मे रोजी लंडनला पोचलं, आणि तपासणीत एकच धड नाकारलं गेलं. आपल्या देशातून परदेशी जाणारं म्हशीचं मांसही जवळपास सगळं गोठवलेलंच असतं. बोकडाचं आणि मेंढीचं मटण मात्र आखाती देशांत बहुतांश नुसतं गार करून विमानाने जातं, यावर कुणी बोट ठेवील. ते खरं आहे, पण गार केलेलं मटण थोडेच दिवस टिकतं; ज्याच्या हाताशी विमान आहे त्याला तो रस्ता परवडतो. मांस टिकवून खाणं आपल्या रीतीतच नव्हतं, हा दावा तर मराठवाड्यात कुणी करूच नये. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात इथल्या दलित घरांतलं खाणं नोंदवलेलं आहे. एकदम हाती आलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या पुढे कित्येक दिवस पुरवून खाल्ल्या जात. तिथेही जंतूंचं पाणीच तोडलं जातं. ऊन ते उडवून लावतं, थंडी ते गोठवून ठेवते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप चवीचा येतो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. लोकांनी गोठवलेलं मटण खाल्लेलं आहे. ते कोरडं होतं, चामट होतं, पातेल्यात पाणी सुटत होतं. हा अनुभव खरा आहे, त्याचं कारण मात्र चुकीचं लावलं जातं. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. ते उणे एक-दोन अंशांपासून गोठू लागतं आणि उणे पाचपर्यंत त्यातलं बहुतेक गोठतं. हा टप्पा झपाट्याने पार पडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. तो रेंगाळला तर कण मोठे होतात, तंतूंच्या मधे घुसतात, त्यांना फाडतात, आणि वितळताना तेवढा रस बाहेर येतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत गोठवलेल्या मांसाची व्याख्याच अशी आहे की हा टप्पा चटकन ओलांडला गेला पाहिजे आणि तुकड्याच्या थेट मध्यभागी उणे १८ अंश गाठले गेले पाहिजेत. त्यासाठी उणे तीस-चाळीस अंशांची वेगाने वाहणारी हवा लागते, म्हणजे ब्लास्ट फ्रीझर. घरातला डीप फ्रीझर गोठलेलं गोठलेलं ठेवण्यासाठी बनवलेला असतो. त्यात वीस किलो कोमट मटण एकदम कोंबलं तर मधला भाग गोठायला दिवसभराहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर शेजारी आधीच गोठलेला मालही मऊ पडतो. मग पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतं, बर्फातलं मटण असंच असतं. असं नसतं. चुकीच्या यंत्रात रेंगाळत गोठवलेलं मटण असं असतं.

याहून नुकसान करणारी चूक चांगल्या हेतूने होते: बोकड कापला की तासाभरात फ्रीझरमध्ये टाकायचा, म्हणजे ‘ताजं ताजं’ गोठेल. कापल्यानंतर स्नायू लगेच मरत नाही. त्यातली साठवलेली साखर संपेपर्यंत तो काम करत राहतो, आम्ल तयार होतं, आम्लतेचा सामू सातच्या आसपास असतो तो साडेपाचपर्यंत उतरतो आणि मग ताठरता येते. हे व्हायच्या आधीच मांस दहा अंशांच्या खाली गेलं तर तंतू आखडतात आणि ते आखडणं पुढे सुटत नाही. शिट्ट्या कितीही घ्या. न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ मध्ये हे दाखवून दिलं. बोकडाचं धड लहान आणि वरची चरबी पातळ, त्यामुळे ते पटकन थंड होतं आणि हा धोका त्यालाच जास्त. धड आधी दहा ते पंधरा अंशांवर दहा-बारा तास टांगून, मग शून्य ते चार अंशांवर एक दिवस ठेवून, त्यानंतर तुकडे, हवाबंद पिशवी आणि गोठवणं, हा क्रम त्यासाठीच आहे. या एका दिवसात मांसातलेच पाचक घटक ते मऊ करतात. नवसाच्या कंदुरीचं मटण कापल्या कापल्या शिजवूनही चांगलं लागतं हे कुणी सांगेल, आणि बरोबरच सांगेल: ते ताठरता येण्याआधी पातेल्यात पडतं आणि मंद आचेवर बराच वेळ शिजतं. जे लगेच खायचं आहे त्याला ती रीत लागू. जे चारशे किलोमीटरवर जाऊन शिजणार आहे त्याला ती लागू नाही. बोकड कापण्याआधी पळवलेला, घाबरवलेला, टेम्पोत उभ्याने आणलेला असेल तर त्याची साखर आधीच संपते, सामू पुरेसा उतरत नाही, मांस काळपट होतं आणि लवकर खराब होतं. इथे घरच्या शेळीपालकाचा खरा फायदा आहे. त्याचा बोकड दारातच असतो. आदल्या रात्री चारा बंद, पाणी समोर आणि शांतता, एवढं तो कोणत्याही मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा सहज देऊ शकतो.

आता डबा. थर्माकोलच्या पेटीत मटण, वर बर्फाचा चुरा, आणि पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, ही कल्पना सगळ्यांनाच सुचते. तिच्यात एक साधी गोष्ट निसटते: पाण्याचा बर्फ शून्य अंशांवर वितळतो आणि मटण उणे १८ वर असतं. त्या पेटीत वितळणारा बर्फच मटणापेक्षा गरम आहे, म्हणून बर्फ मटणाला तापवतो. दहा-बारा तासांच्या प्रवासात मटण शून्याकडे सरकतं, कडेने सुटतं, आणि पुण्यात पुन्हा फ्रीझरमध्ये जाऊन यावेळी मोठ्या कणांनी गोठतं. औषधाच्या दुकानातल्या साध्या जेल पिशव्याही शून्याच्या आसपासच वितळतात. गार मटणाला त्या चालतात, गोठवलेल्याला नाही. गोठवलेल्याला मिठाच्या द्रावणाच्या, उणे वीसच्या आसपास वितळणाऱ्या पाट्या लागतात किंवा सुका बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांवर असतो आणि पाणी न होता थेट वायू होतो. एक किलोचा पाचशे लिटरहून अधिक वायू बनतो. म्हणून पेटी कधीही हवाबंद करायची नाही, नाहीतर ती फुटते. बंद गाडीत माणसांजवळ ठेवायची नाही, कारण जीव गुदमरतो. आणि उघड्या हाताने तो उचलायचा नाही. हे न सांगता प्रवासी गाडीत सुक्या बर्फाची पेटी चढवणं गुन्ह्याइतकंच वाईट आहे. वाहतुकीची ही सोय होत नसेल तर गोठवलेलं मटण पाठवूच नये, इतकं स्पष्ट बोलायला हवं.

‘घरचा बोकड, घरचा धंदा, कागद कशाला?’ हेही वारंवार ऐकू येतं. घरी खायला कापणं वेगळं आणि विकणं वेगळं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने विकणाऱ्या प्रत्येकाला, छोट्याला नोंदणी आणि मोठ्याला परवाना, बंधनकारक आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार पालिका किंवा नगर पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली, स्वतः तीन महिन्यांहून लहान, किंवा पशुवैद्यकाने योग्य न ठरवलेली जनावरं कापायला बंदी आहे. हा कागदी छळ म्हणून सोडून देता येणार नाही. दूरचं गिऱ्हाईक तो बोकड पाहत नाही. त्याच्या वतीने पाहणारा एकच माणूस असतो, तो पशुवैद्यक. पालमला गारखोली आणि ब्लास्ट फ्रीझर एकेकट्याला परवडणार नाही हे खरं, पण दहा शेळीपालकांनी मिळून एक करणं अशक्य नाही, आणि मांस तंत्रज्ञान शिकवणारं पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीतच आहे. तिथे जाऊन विचारण्याआधी थर्माकोलच्या पेट्या विकत घेऊ नयेत.

बाकीचे समज थोडक्यात. गोठवल्याने जंतू मरतात, हे खोटं. वाढ थांबते, बहुतेक जंतू जिवंत राहतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात, म्हणून घाणेरडं कापलेलं मटण गोठवून स्वच्छ होत नाही. फ्रीझरमध्ये मटण कायम टिकतं, हेही खोटं. जंतू थांबले तरी चरबीला हळूहळू खवट वास येतो. टिकण्यासाठी रसायन घालावं लागतं, असं नाही, थंडीच पुरते. पिशवीतलं लाल पाणी रक्त नसतं, ते स्नायूतलं रंगद्रव्य मिसळलेलं पाणी असतं. हवाबंद पिशवीत मटण जांभळट दिसतं ते हवा नसल्यामुळे. उघडून ठेवलं की थोड्या वेळात लाल होतं. वीज गेली की फ्रीझरमधलं सगळं वाया जातं, ही भीती अर्धीच खरी आहे. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता ठेवला तर बराच काळ थंडी धरून राहतो, आणि दर तासाला उघडून बघणारा हात वीज जाण्याइतकंच नुकसान करतो.

आणि मटण घेणाऱ्याने करायचं ते. पेटी आल्या आल्या तुकडा दाबून बघावा. तो दगडासारखा कडक हवा. पिशवीच्या एका कोपऱ्यात बर्फाची लादी साचलेली असेल किंवा तुकडे वेडेवाकडे चिकटून एकच गोळा झाला असेल, तर ते वाटेत सुटून परत गोठलेलं आहे. असा माल पैसे न देता परत पाठवावा. चांगलं असेल तर रात्रभर ओट्यावर ठेवून सोडवू नये. बाहेरचा थर तासाभरात कोमट होतो आणि आतला तसाच गोठलेला राहतो. पिशवी न उघडता खोलगट ताटात ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवावी, आणि सुटलेलं मटण त्याच दिवशी शिजवावं.